तोरणमाळची जागा

॥ श्री ॥
फैजपूर, ९ फेब्रुवारी १९९०

चि. सौ. सुनंदाबाईस जीवरामभाऊचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपल्या हेमलताचं लग्न वैशाखात ठरलं, हे तुला कळलंच आहे. आता नवीन ऐक. होणारे जावई अभिमन नाशिकला कारखान्यात इंजिनीयर. त्यांना दारातला मांडव नको. तोरणमाळला, डोंगरात, तळ्याकाठी लग्न हवं. त्यांच्या वडिलांनाही, रुपचंदशेठना, ते पटलंय. आपल्यात असं कुणी केलं नाही, पण पोरगी हरखली आहे. तुम्हाला तोरणमाळ जवळ. रतिलालरावांना सवड झाली तर जागा पाहून येतील का? पाण्याची, उतरण्याची सोय कशी, आपल्या म्हाताऱ्या आबांना तो रस्ता झेपेल का, एवढं कळलं म्हणजे झालं.

मुलांना पापा. माया आहेच, ती राहू दे.
तुझा, जीवरामभाऊ

॥ श्री ॥
शिंदखेडा, १७ फेब्रुवारी १९९०

ती. जीवरामभाऊंस सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं तर हे लगेच जीप ठरवायला निघाले. मी म्हटलं, गव्हाची कापणी होऊ द्या. तर म्हणतात, पोरनं लगन शे, मी नही जासू त कोन जाई? आमच्या लग्नात मांडवात धूळ आणि माश्या होत्या, ते आता भाचीच्या लग्नात भरून काढणार आहेत. तळ्याकाठी फोटो काढायचा म्हणून दाढीही रंगवतील! रविवारी जातील. आल्यावर सविस्तर लिहिते.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवावी.
आपली, सुनंदा

फैजपूर, १४ मार्च १९९०

चि. सुनंदाबाईस अनेक आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहायला हात गेला आणि तिथंच थांबला. दहाव्याला तुझ्यासमोर नुसता बसून आलो. जागा पाहायला मीच सांगितलं होतं.

एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नाही. जीपचा ड्रायव्हर झुलाल वाचला, त्याला मी दवाखान्यात भेटलो. तो म्हणाला, घाट उतरायला लागल्यावर रतिलालराव बोलले होते, की जागा देखणी आहे, पण या वाटेनं मी वऱ्हाड येऊ देणार नाही. पुढच्याच वळणावर जीप उलटली.

रुपचंदशेठचा निरोप आला की तिथली सोय ठरली आहे, सुतक फिटलं, आता जागा बदलू नये. हेमलतानं ते ऐकलं आणि लग्नच नको म्हणाली. तीन दिवस धड जेवलेली नाही. तू म्हणशील तसं करतो.

जिवाला जप.
जीवराम

शिंदखेडा, २६ मार्च १९९०

ती. जीवरामभाऊंस नमस्कार.

काल अभिमन आले होते. एकटेच, वडिलांना न सांगता. ओट्यावरच बसले. म्हणाले, आत्याबाई, जागा मी निवडली होती. मी आतून तांब्या भरून आणला. पाणी दिलं. बराच वेळ तांब्या हातात धरून होते, मग प्यायले. म्हणाले, लग्न फैजपूरलाच होईल. वडील आले नाहीत तरी मी येईन, पण हेमलता आता माझं तोंड पाहील का? मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

हेमलताला सांगा, लग्न मोडू नको. दारातच मांडव घाला, वाजंत्री नको. मी येणार नाही. लोक काय म्हणतील म्हणून नाही. मांडवात माझी नजर यांनाच शोधत राहील.

तिला म्हणावं, अभिमनवर रागाव, पाहिजे तेवढं भांड. माझं भांडायचं माणूस गेलं. तुझं तुझ्यापाशी राहू दे.

पोरीला माझ्याकडून पोटाशी धरा.
सुनंदा