सातवा वॉशर

अण्णा, मी तुमचा धाकटा मुलगा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चौपन्न, आणि तुमच्या पश्चात हे गॅरेज चालवणारा. हे पत्र एका चुकीविषयी आहे. प्रस्तावना तुम्हाला कधीच आवडली नाही, म्हणून करत नाही.

अकलूजच्या एका ट्रकच्या दोन्ही सिलिंडर हेडना चिरा गेल्या होत्या. दोन्ही हेड नवी बसवली. बोल्ट ठरलेल्या क्रमाने आवळले, इंजिन तापवून, निववून पुन्हा आवळले. पुस्तकात लिहिलेली एकही पायरी मी गाळली नाही. तरीही इंजिन सहापैकी पाचच सिलिंडरवर चालू लागले. थरथर, आणि मागून पांढरा धूर. तीन दिवस हेच. टॅपेटचे अंतर मी तीनदा तपासले. डिझेलच्या लाइनमधली हवा दोनदा काढली. ट्रकमालकाचा फोन तासातासाला येत होता आणि मी दर वेळी तेच उत्तर देत होतो, ज्याची मला स्वतःलाच चीड येत होती.

तुमच्या हाताखाली तयार झालेले मिस्त्री अजून आपल्याकडेच आहेत. होते, असे म्हणायला हवे. त्यांनी चालू इंजिनावर, फवारा मारणाऱ्या एकेका नोझलकडे जाणाऱ्या डिझेल पाइपचा नट सैल करून आवाज ऐकला. बाकी पाचही वेळा इंजिनाचा आवाज पडत होता. चार नंबरला काहीच फरक पडला नाही, म्हणजे तोच सिलिंडर बंद होता.

"दादा, चारचं नोझल काढून बगू की."

"नोझल सगळी मी स्वतः बसवली आहेत, मिस्त्री."

"म्हनून तर बगू म्हनतोय."

गॅरेजातले दोघे फिटर हसले. मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, दोष नोझलचा नाही, तुम्ही व्हॉल्व्ह नीट बसवले नसतील. वयाप्रमाणे नजर जाते, त्यात लाज कसली. मिस्त्रींनी चिंधीने एकेक बोट पुसले, स्वतःचे पाने पिशवीत भरले आणि दारात थांबून म्हणाले, "अण्णांनी मला लई शिव्या दिल्या, मालक. पर डोळ्यावरनं कदी बोललं न्हाईत." मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मालक म्हटले.

ते गेल्यावर मी चार नंबरचे नोझल काढले. त्याच्या टोकाशी तांब्याचा नवा वॉशर होता आणि त्याच्या वर, काजळीने काळा पडून नोझलशी एकजीव झालेला, जुना वॉशर. जुन्या हेडमधून नोझल उपसताना तो चिकटून वर आला आणि मी त्याच्यावर नवा चढवला. नोझल तेवढेच वर बसले, फवारा भलत्याच जागी पडला. इंजिनात सहा हवेत तिथे सात वॉशर होते.

मी बार्शीला कॉलेजात होतो, त्या वर्षीची उन्हाळ्याची सुट्टी आठवते. तुम्ही नोझल काढता आहात आणि मी नव्या वॉशरचे पाकीट फोडतो आहे. तुम्ही माझ्या हातावर चापट मारता. "जुने सहा कुटं हायत? तारेत ओव, खिळ्याला अडकव, मग पाकीट फोड." मी वाद घालतो: इंजिनाला सहा लागतात, पाकिटात सहा आहेत, जुन्यांचा संबंध काय? तुम्ही म्हणता, "संबंध न्हाय म्हनतोस? बुकं शिकलास, वायसर न्हाय शिकलास." मी तार ओवली, पण मनातून ती अडाण्याची रीत मानली. या वेळी मी जुने वॉशर न बघता भंगाराच्या डब्यात टाकले. काल तो डबा उपडा केला. पाच निघाले.

दोन्ही वॉशर काढून दुसरा एकच नवा घातला आणि इंजिन सहाही सिलिंडरवर लागले. ट्रक सकाळीच अकलूजला गेला. नंतर मी मिस्त्रींना फोन करून गाडी दुरुस्त झाल्याचे कळवले. त्यांनी विचारले, "काय निगालं?" मी म्हणालो, "किरकोळ होतं." ते म्हणाले, "व्हॉल्व्हचं न्हवतं न्हवं?" मी म्हणालो, रेंज नाही, नंतर बोलू. रेंज होती, अण्णा.

डब्यातले पाच, चिकटलेला जुना आणि त्याच्याबरोबर निघालेला नवा, असे सातही वॉशर तारेत ओवून तुमच्या खिळ्याला अडकवले आहेत. मिस्त्रींचे घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि मी इथे बसून तुम्हाला पत्र लिहितो आहे.

तुमचा मुलगा
सोलापूर, रविवार