गाडी चौथऱ्यावर चढवू नये

मी, मंगल नाथाजी वीरकर, राहणार म्हसवडजवळची वीरकर वस्ती, तालुका माण, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वय साठीच्या पुढे आहे. नक्की आकडा घरात कुणी लिहून ठेवला नाही. डोके ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही आणि शेजारी बसून कुणी सांगत नाही. मी शाळेत गेले नाही, मेंढरांमागे गेले. एसटीच्या पाट्यांवरून अक्षरे लावत गेले, म्हसवड, लोणंद, वाई, आणि तिथून पुढे हाताला लागेल ते वाचत गेले. तेव्हा हे मजकुराचे कागद दुसऱ्याने लिहिले असे कुणी म्हणू नये.

उद्या सकाळी मला सांगलीला हृदयाची झडप बदलायला नेणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "मावशी, बहुतेक पेशंट चालत घरी जातात." त्यांच्या 'बहुतेक'साठी हे लिहिणे आहे.

घरादाराची वाटणी माझ्या मागेही झाली असती. आज रात्रीच्या आत लिहायचे कारण अंगणात आहे. माझे दीर लालासाहेब आणि मुलगा दिग्विजय यांनी अंगणात सिमेंटचा चौथरा बांधला आहे. माझ्या मालकांची, म्हणजे कैलासवासी नाथाजींची, येझदी मोटारसायकल पुण्यतिथीला त्यावर कायमची बसवून वर काचेची पेटी करायची असे त्यांचे ठरले आहे. पुण्यतिथी या पौषातच आहे. मी परत आले नाही तर गाडी माझ्या तेराव्याच्या आधीच वर चढेल, हे मला माहीत आहे.

पहिले, घर. रस्त्याकडची खोली आणि तिला लागून असलेली पत्र्याची शेड मुलगी क्रांती हिची. बाकीचे घर दिग्विजयचे. क्रांती नांदायची सोडून परत आली म्हणून तिला भिंतीपलीकडे बसवायचे असे चालणार नाही. तिच्या खोलीला स्वतःचे दार आहे आणि ते रस्त्यावर उघडते.

दुसरे, रान. विहिरीकडचा तुकडा दोघांचा सामाईक. ती विहीर विकायची नाही आणि बुजवायचीही नाही. मालक पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. दुसऱ्यांच्या कितीतरी विहिरींत उतरले आणि गेले ते स्वतःच्याच विहिरीत. गाडी काठावर तिरकी उभी होती. भावजींनी ती घरापर्यंत ढकलत आणली. चालवता येत असून ढकलत आणली. हे मी विसरलेले नाही. चौथऱ्यामागे त्यांचे मन काय आहे ते मला कळते. पटत नाही, एवढेच.

तिसरे, सोने. पुतळ्यांची माळ सून उत्कर्षा हिला. घरात चौथऱ्यावरून बोलणी सुरू असताना ती एकटी म्हणाली, "काचंत ठिवल्यावर धूळ कोण पुसणार? मीच ना?" तेवढ्यावर विषय चार दिवस थांबला. त्या चार दिवसांची मी तिला देणेकरी आहे.

मेंढरे दिग्विजयची. मालकांचे पाने आणि पक्कड म्हसवडचे गॅरेजवाले आकाराम यांना द्यावेत. बारा-तेराचा पाना मात्र क्रांतीकडेच राहील, गाडीला तो लागतो.

आता मोटारसायकल.

मालक गेल्यावर ती मेंढरांच्या वाड्यात उभी राहिली. सासूबाईंनी, हरणाबाईंनी, तिला हळदकुंकू लावले आणि सांगितले, "त्येच्या पायाची गाडी हाय. दुसऱ्या कुनी तिला लाथ मारायची न्हाई." किक मारणे म्हणजे लाथ मारणे, आणि मेलेल्या माणसाच्या गाडीला लाथ म्हणजे त्यालाच लाथ, असा त्यांचा हिशेब. त्या असेपर्यंत कुणी हात लावला नाही. कोंबड्या सीटवर अंडी घालत होत्या. मी रोज झाडताना तिच्याभोवतीने झाडून घेई.

सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात क्रांती बॅग घेऊन परत आली. मेंढरांना लस टोचायचे शिक्षण तिच्याकडे होते, पण कळप असतात माळावर आणि माळावर एसटी जात नाही. एके सकाळी ती वाड्यात उभी राहून म्हणाली, "आई, आबांची गाडी चालू करूया का?"

मी म्हणाले, "तुझ्या आजीनं काय सांगितलंय?"

"आजीला कुठं जायचं होतं?"

आकाराम येऊन बघून गेले. म्हणाले, "वैनी, इंजन धरलेलं न्हाई, नशीब. बाकी समदं गेलंय." सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. टाकीत चिंचेचे पाणी आणि बारीक खडी घालून आम्ही मायलेकी ती दोन्ही बाजूंनी धरून हलवत बसायचो. लाल पाणी निघायचे, पुन्हा भरायचे. टाकी आतून पांढरी झाली त्या दिवशी मला बऱ्याच वर्षांनी भूक लागली. सीटला जुन्या घोंगडीचे कापड शिवले. ते माझ्या हातचे आहे, बदलू नये.

पहिल्या किकच्या आधी मी क्रांतीला म्हणाले, "आधी पाया पड, मग मार." ती पाया पडली. गाडी बराच वेळ नुसती खोकली. मग धूर सोडून चालू झाली आणि मी आत जाऊन चुलीपुढे बसले, कारण तो आवाज मला पाठमोरा ऐकायची सवय होती.

तेव्हापासून गाडी रोज माळावर जाते. कॅरियरला लसीचा बर्फाचा डबा. पावसात, उन्हात, सणाला. माळावर येझदीचा आवाज आला की मेंढके कळप उभा करतात.

चौथऱ्याचा विचार कुठून आला तेही इथे लिहिते. गेल्या खंडेनवमीला दिग्विजयने गाडी मित्रांना दाखवायला नेली आणि पंपावर टाकी भरली. या गाडीला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागते. त्याच्या स्कूटरला लागत नाही, म्हणून त्याने मिसळले नाही. गोंदवल्याच्या रस्त्यावर पिस्टन जाम होऊन मागचे चाक धरले. तो पडला नाही, ही सिद्धनाथाची कृपा. टेम्पोत घालून गाडी आणली आणि म्हणाला, "आता म्हातारी झाली ती. बसवून टाकू, आबांची आठवण म्हणून." मी टाकीचे झाकण उघडून वास घेतला होता. क्रांतीनेही घेतला होता. आम्ही दोघी गप्प राहिलो. तिने सांगलीला सिलिंडर बोअर करून घेतला, नवा पिस्टन टाकला आणि दिवाळीला पुन्हा माळावर गेली.

दिग्विजय, ही गोष्ट मी गावात सांगितली नाही. पण तुझ्या त्या चुकीवर चौथरा बांधलेला मला चालणार नाही. तुझ्या बापाची आठवण करायची तर ते कसे होते ते आठव. खंडेनवमीला हत्यार चालवत नाहीत. ते गाडीला हार घालायचे आणि कुणाची मोटार बंद पडली म्हणून निरोप आला की त्याच हारासकट निघायचे.

भावजी म्हणतात, "दादाचा टाक देव्हाऱ्यात हाय, तशी गाडी अंगणात." भावजी, चांदीच्या पत्र्यावर उठवलेला टाकसुद्धा आपण वर्षातून एकदा फडक्यात बांधून नदीच्या भेटीला नेतो, अंघोळ घालतो, परत आणतो. एका वर्षी नेला नव्हता, तेव्हा कसा काळा पडला होता ते तुम्हीच दाखवलेत.

म्हणून असे ठरवते:

येझदी मोटारसायकल क्रांतीची. तिने ती रोज वापरावी. विकायची झाली तर जो रोज वापरील त्यालाच विकावी. दिवाणखान्यात ठेवणाऱ्याला नाही.

उद्या मी जीपने सांगलीला जाईन. क्रांती जीपच्या मागून गाडीवर येईल. मी आत असेपर्यंत गाडी दवाखान्याच्या आवारात उभी राहील, घरी नाही. ही अट कुणावरच्या अविश्वासाने घातली आहे ते ज्याचे त्याने ओळखावे.

मी परत आले नाही तर: विधवा झाल्यावर उतरवलेली माझी जोडवी देव्हाऱ्याखालच्या डबीत आहेत. ती आटवून माझा टाक करावा, मालकांच्या शेजारी बसवावा. पहिल्या भेटीला दोन्ही टाक वाईला कृष्णेवर न्यावेत, याच गाडीवरून. क्रांती चालवील. दिग्विजय मागे बसून टाक मांडीवर धरील. निघताना टाकीत ऑईल दिग्विजयने स्वतः मिसळावे. कुणी त्याला शिकवू नये आणि कुणी हसू नये.

यातले मोडून जो कोणी गाडी चौथऱ्यावर चढवील, त्याने माझ्या अस्थींना हात लावू नये. तो मुलगा असला तरी. ते काम क्रांती करील. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण खोडत नाही.

चौथरा फोडू नये. मजबूत झाला आहे. त्यावर पाण्याची टाकी बसवावी, उत्कर्षाचे हेलपाटे वाचतील.

साक्षीला मी मुद्दाम लालासाहेबांना बोलावले. यात त्यांना काही मिळत नाही आणि त्यांच्या मनाविरुद्ध आहे, म्हणजे साक्ष चांगली. त्यांनी सगळे दोनदा वाचले. विहिरीच्या ओळीवर चष्मा काढला.

"वैनी, तुमी परत येणार हाय. मग ही सही कशाला?"

"परत येणारच आहे तर सही करायला काय जातंय तुमचं?"

"दिग्या चिडंल माझ्यावर."

"चिडू द्या. तुम्ही ती गाडी ढकलत आणलीत भावजी. एकदा तिच्यावर बसा."

त्यांनी पेन मागितले.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, माझा आहे.

सही: मंगल नाथाजी वीरकर

साक्षीदार पहिला: लालासाहेब वीरकर. वाचलं. पटलं न्हाई. सही केली. उद्या सांगलीला क्रांतीच्या मागं मी बसणार हाय.

साक्षीदार दुसरी: शालूबाई काळेल, शेजारीण. वरील दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: म्हसवड
दिनांक: ९ जानेवारी २०२५