आक्काच्या ऑपरेशनाआधी

आक्का,

सोमवारी तुझं ऑपरेशन हाय, असं तुझ्या तेजश्रीनं फोनवर सांगितलं. माझ्यासारखीच, अंग आत धरायला जाळी बसवणार हायेत. "मावशी, तुझं बघूनच आई तयार झाली," म्हणाली.

मी बरी न्हाई, आक्का.

अंग बाहेर यायचं थांबलं, हे खरं. पण वर्षभर अंगावरून लाल जातंय. मला वाटलं, चूक माझीच. ओझं उचलू नको म्हणलेलं असताना ऑपरेशनानंतर विसाव्या दिवशी मी खड्ड्यात पडलेलं कोकरू उचललं होतं. म्हणून कुणापाशी बोलले न्हाई. परवा शिरूरच्या डॉक्टरबाईंनी तपासलं, आन् म्हणाल्या, कोकरामुळं झालेलं न्हाई. आपल्या मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळ्यात गवत उगवून गुंतायचं, तसं मांस त्या जाळीत रुजावं लागतं. बहुतेकींचं रुजतं. माझ्या अंगानं ती परकीच धरली, आन् आतनं तिची कड उघडी पडली. तेवढा तुकडा आता काढणार हायेत.

तू ऑपरेशन टाळू नको. पण जाळीशिवाय, नुसत्या टाक्यांवर भागतं का, हे आधी विचारायचं.

तुला वाचता येत न्हाई. पत्र दाजीच वाचून दाखवतील, या लाजेनं वर्षभर लिहिलं न्हाई. हेही टपालात टाकणार न्हाई. उद्या सकाळच्या जीपनं वडगावला येते आन् तोंडानं सांगते. तवा दाजींना बाहेर बसवू नको. ऑपरेशनाच्या कागदावर सही ते करणार हायेत, तर ऐकायलाही त्यांनी बसावं.

तुझी धाकटी,
साखर