महालक्ष्म्यांची गोळी

आई, तू गेलीस त्या वर्षी मी तिसरीत होते. तोवरचं सगळं शिक्षण तुझंच. अमरावतीच्या आपल्या स्वयंपाकघरात परातीतल्या पिठावर तू मला बोटाने अक्षरं काढायला लावायचीस, चुकलं की तळहाताने पुसायचीस. त्याच स्वयंपाकघरात, भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांच्या आधी, तुझी मोठी जाऊ, माझी मोठी आई, तुझ्या हातावर एक बारीक पांढरी गोळी ठेवते आणि तू ती चहाबरोबर गिळतेस, हे मला अजून दिसतं. मी विचारलं, कशाची गं? तू म्हणालीस, "देवाच्या कामात असं विचारत नसतात." नंतर तुझा डावा पाय सुजला. फुलोऱ्याचं तळण करताना बसून बसून अवघडला असेल, असं सगळे म्हणाले. एका सकाळी तुला श्वास घेता येईना. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, कारण सापडलं नाही, असं डॉक्टरांनी बाबांना सांगितलं.

आता मी अकोल्याला एका प्रयोगशाळेत तेच कारण शोधते. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द इकडे घरोघरी माहीत झालाय, पण त्या कमी झाल्या की वाईट, एवढंच. एरवी त्या रक्तात शांत फिरतात. जखम झाली की खवळतात, चिकट होतात, एकमेकींना धरतात. ज्यांच्या शिरेत काही कारण नसताना गुठळी झाली, त्यांच्या प्लेटलेट उगीचच खवळलेल्या असतात का, हे आम्ही पाहतो. रक्त फार जपून घ्यावं लागतं. दंडाचा पट्टा जास्त आवळला तरी त्या खवळतात.

आषाढात तिवश्याहून एक बाई आली. गुठळी गेल्या वर्षीची. सगळ्या तपासण्या साफ, म्हणून आमच्या ‘कारण नाही’च्या यादीत. सासू बाहेर बसली होती. पट्टा सोडता सोडता मी विचारलं, "ताई, तेव्हा काही औषध सुरू होतं?"

"नाई मॅडम, कोणतंच नाई."

"पाळी पुढे ढकलायची गोळी?"

"ते घेतली ना. मालक्ष्म्या होत्या. पण ते काय औषध थोडी होय?"

गोळीनेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पुष्कळ बायका घेतात, बहुतेकींना काही होत नाही. पण हिला कारण नव्हतं, असंही आता कोण म्हणेल? सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हिला यादीतून काढ. आणि आधीच्या सगळ्या बायकांना पुन्हा विचार. नवरा, सासू जवळ नसताना."

बाहेर येऊन मी सासूला बजावलं, या गोळीने जीव जाऊ शकतो, यंदा देऊ नका. ती पानाची चंची गुंडाळत म्हणाली, "मंग देवाचं कोन करंल? घरात बाई एकच. तुमी येसान काय सैपाकाले?" सून खाली बघत होती. शिसारी त्या म्हातारीची आली नाही, आई. ज्या सोवळ्यापायी बाईच्या रक्ताला थांब म्हणतात, त्याची आली.

परवा महालक्ष्म्यांना अमरावतीला गेले. मोठी आई थकलीय. तिने माझ्या हातावर पाकीट ठेवलं, "तारीख जवळ आली असंल तं घेऊन घे. तुही मायही घ्यायची." इतक्या सहज. तिला ठाऊकच नाही, की तुझी ती गोळी हीच होती का, हे मला एवढी वर्षं विचारायचं होतं. तिवश्याच्या त्या सासूपुढे तोंड उघडलं होतं, इथे उघडेना. तू गेल्यावर याच हातांनी तिने माझ्या वेण्या घातल्या होत्या.

गोळी मी घेतली नाही. नैवेद्याच्या दिवशी सकाळीच पाळी आली. कोणाला सांगितलं नाही. सोळा भाज्या, आंबील, सगळं मीच रांधलं, मीच वाढलं. सगळे पोटभर जेवले. मोठी आई म्हणाली, अगदी मायसारखा हात आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. प्रत्येक भांड्याला हात लावण्याआधी मी ते हात साबणाने दोनदा धूत होते. मला माहीत होतं हाताला काही लागलेलं नाही, तरी धूत होते.