माझ्या वाटणीचं ताट

प्रिय आई,

दुरूनच वाकून नमस्कार. इथं पोलंडात बर्फ वितळू लागलाय. आपल्याकडं प्लमची झाडं फुलली असतील ना?

मी मजेत आहे. गुडघा बरा आहे, त्याची काळजी करू नकोस. नवे प्रशिक्षक मला सध्या सामन्यांत विश्रांती देतात, राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवतात. आमचा गोलकीपर झ्बिशेक म्हणतो, "र्‍योहेई, तू तर बाकाचा भाडेकरूच झालास!" सगळे हसतात. मीही हसतो.

परवा चिनात्सुचा फोन आला होता. म्हणाली, "दादा, घरापासून लांब गेलेल्याचं ताट वाढायची जुनी रीत आई अजून पाळते, रोज संध्याकाळी तुझं ताट वाढते. मग सूपच्या वाटीचं झाकण उचलून बघते. आतून थेंब जमलेले दिसले की म्हणते, पोरगा सुखरूप आहे." अगं आई, सूप गरम असलं की थेंब जमणारच! पण तू बघत राहा.

तिनं आणखी एक सांगितलं, ते मला ठाऊकच नव्हतं. तू अंघोळीला गेलीस की ते गार झालेलं ताट बाबा जेवायचे. वर म्हणायचे, "पळतो तो तिकडं, आणि भूक लागते मला."

बाबा गेले तेव्हा मी यायला हवं होतं. सामना आहे म्हणून थांबलो, आणि तो सामनाही बाकावर बसूनच बघितला.

चिनात्सुला म्हणावं, आईला एकटीला जेवू देऊ नकोस.

आई, आता माझं ताट कोण जेवतं गं?

तुझाच,
र्‍योहेई