निलगिरीच्या तेलाची बाटली

बाबा, धाकटी सध्या कोटागिरीला आहे. वर्क फ्रॉम होम चाललंय, पुण्याच्या फ्लॅटमध्ये जीव गुदमरला म्हणून निलगिरीच्या डोंगरात महिनाभर खोली घेतली, ई-पास काढला आणि गेली. रोज व्हिडिओ कॉल करते. "ताई, ऐक ना, काहीच आवाज नाही!" मागे दाट झाडी, धुकं. आणि मी इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला, हॉस्पिटलच्या शिफ्टवरून आलेली, गालांवर मास्कचे वळ. बॉर्डर्स बंद, देशाबाहेर पडायची सोय नाही. "मस्तच गं," म्हणते आणि जळून खाक होते. पंचेचाळिशी उलटली तरी.

कारण कोटागिरी माझी होती. पोस्टातल्या नोकरीत चार वर्षांतून एकदा सरकारी खर्चाने लांबचा प्रवास मिळायचा, एलटीसी. ती नेमकी माझ्या दहावीत आली. "क्लास बुडवायचा नाही. पुढच्या वेळी तुला नेतो," म्हणालात. माझ्या डब्यांसाठी आई मागे राहिली आणि तुम्ही आठ वर्षांच्या धाकटीला घेऊन गेलात. पुढची एलटीसी यायच्या आत तुम्हीच गेलात, बाबा.

तुम्ही दोघं परत येता तो दिवस अजून दिसतो. तिच्या अंगात नवा लाल स्वेटर, तोंडाचा पट्टा चालू: गवा पाहिला, बाबांच्या खांद्यावर बसले! तुम्ही माझ्या हातात निलगिरीच्या तेलाची बाटली ठेवता. "अभ्यासानं डोकं दुखतं ना तुझं? लाव." तिला गवा, आणि मला औषध! दुसऱ्या दिवशी मी ती मोरीत ओतली. घरभर वास सुटला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी धाकटीकडे बोट दाखवलं. तुम्ही तिला असं झापलंत की पोर जेवलीच नाही.

काल ती कॉलवर म्हणाली, "ताई, ते तेलाचं दुकान अजून आहे गं. मला भूक लागलेली आणि बाबा आपले एकेका बाटलीचा वास घेत बसलेले. ताईला उग्र वास सोसत नाही म्हणे. अख्खी ट्रिप ताई, ताई! असला राग यायचा तुझा." मग हसली. "म्हणूनच ती बाटली सांडली असेल मी. मला आठवत नाही, पण बाबा ओरडले म्हणजे सांडलीच असणार."

"नेटवर्क जातंय गं," म्हणून मी फोन ठेवला.

आणि खरं सांगू? हे ऐकूनही जळलेच. माझ्यासाठी वास घेताना तुम्हाला तिनं पाहिलं, मी नाही.

तिनं माझ्यासाठी नवी बाटली घेतलीय, बॉर्डर उघडली की घेऊन येणार आहे. त्याआधी तिला सांगायला हवं. तुम्हाला आधी सांगितलं, कारण तुम्ही आता कुणालाच झापणार नाही.