गोल भोक नको, लांब खाच हवी

सौंसर, मंगळवार संध्याकाळ, १९८५

आज शाळेतला लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टांचा जोडखेळ घरी आणला. विज्ञान मेळाव्यासाठी मुलींकडून जीप करून घ्यायची आहे, असं हेडबाईंना सांगितलं. ते खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही.

मांडीचं हाड मोडलेल्या ह्यांना रामाकोन्याहून जीपमधून आणताना दर खड्ड्याला हे ओरडत होते आणि मी नुसता पाय धरून बसले होते. हाड जुळलं. तो आवाज काही कानातून जात नाही.

पट्ट्यांची जीप जोडून तिच्यावर बत्ता ठेवला, तर खालची, खड्ड्यांचे धक्के झेलणारी कमान वाकली ती वाकलीच. चूक पट्टीची नाही, गोल भोकाची. दोन्ही टोकं बोल्टनं आवळल्यावर दाबलेली पट्टी सरकणार कुठं? एका टोकाला लांब खाच हवी. पट्ट्याही पातळ, एकावर एक तीन. असा तुकडा डब्यात नाहीच. कोणाला सुचला कसा नाही? जिकडे पाहावं तिकडे गोल भोक! कागदावर काढला, खोडला, पुन्हा काढला.

हे काठी टेकत आले. "काय करून राहिली?"

सगळं सांगितलं, त्या दिवसासकट.

ऐकून म्हणाले, "मी तं कवाच उतरलो त्या जीपमधून. तू काहून बसून आहेस अजून?"

मला रडू आलं. ह्यांनी काठी भिंतीला लावली, स्टुलावर बसले आणि पत्रा कापायची कात्री मागितली.

"संत्र्याच्या पेटीची ती लोखंडी पट्टी आण. खाच किती लांब पायजे?"